कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्य

महाराष्ट्र राज्यातील सह्याद्रीच्या माथ्यावरील एक संरक्षित वनप्रदेश व प्राचीन यात्राक्षेत्र. अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, अकोले तालुक्यात हे अभयारण्य पसरले आहे. क्षेत्रफळ ३६१.७१ चौ. किमी. उत्तरेस कळसूबाई (१,६४६ मी.) हे राज्यातील सर्वोच्च शिखर आणि दक्षिणेस हरिश्चंद्रगड (उंची सु. १,४२४ मी.) हा गिरिदुर्ग अशी या प्रदेशाची दोन टोके असून त्यांवरूनच अभयारण्यास नाव मिळाले. राज्य शासनाने १९८६ मध्ये हा प्रदेश अभयारण्य म्हणून घोषित केला. तथापि त्याच्या कित्येक शतके आधीपासून या दोन्ही शिखरांना भाविकांच्या यात्रा भरत आल्या आहेत. एकाच पर्वतावर श्रद्धेचे निर्बंध व कायद्याचे निर्बंध असे दोन्ही नांदत असल्यामुळे, निसर्गसंरक्षणाच्या दृष्टीने हा प्रदेश विशेष अभ्यसनीय ठरतो.

कायदेशीर स्वरूप : सामान्य बोलण्यात ‘राष्ट्रीय उद्यान’ व ‘अभयारण्य’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थी वापरले जातात, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये मात्र त्यांत भेद केलेला आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील खाजगी हक्क संपुष्टात आणावे लागतात व तेथे गुरे चारण्यास मनाई असते. अभयारण्यात मात्र चौकशीअंती काही हक्क चालू ठेवता येतात आणि चराईचेही नियमन करता येते. सह्याद्रीतील चांदोली हे पहिल्या प्रकारचे, तर कळसूबाई–हरिश्चंद्रगड हे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण होय. या भेदास येथे व्यावहारिक महत्त्व आहे. कारण अभयारण्याच्या हद्दीत अनेक आदिवासी गावे व वाड्या असून त्यांची शेती, चराऊ राने, पाणवठे आणि देवस्थाने वनक्षेत्राशी निगडित आहेत. निर्मनुष्य अरण्य असे या प्रदेशाचे स्वरूप नसून तो वस्तीसह जपावयाचा पर्वत आहे.

भूरचना : हा सर्व प्रदेश दख्खनच्या लाव्हाजन्य बेसाल्ट खडकाचा बनलेला आहे. सु. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले. त्यांतील कठीण थर कड्यांच्या रूपाने टिकून राहिले व मऊ थर झिजून त्यांच्या पायथ्याशी उतार व सपाट्या तयार झाल्या. डोंगरांना पायऱ्यापायऱ्यांचे रूप आले ते यामुळेच. पश्चिमेस घाटमाथा एकदम तुटून कोकणात उतरतो. पूर्वेस मात्र तो हळूहळू उतरत पठारात मिळून जातो. कळसूबाईच्या रांगेत अलंग, मदन व कुलंग हे अवघड किल्ले असून दक्षिणेकडे रतनगड आहे. रतनगडाच्या माथ्यावरील खडकात आरपार छिद्र पडलेले आहे. त्यास ‘नेढे’ म्हणतात. साम्रद गावानजीकची सांदण दरी ही खडकातील भेगेच्या अनुरोधाने खोल झिजत गेलेली अरुंद घळ होय. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा माथ्याकडे पुढे झुकलेला व मध्ये आत वळलेला असून सह्याद्रीतील सर्वांत भव्य कड्यांत त्याची गणना होते. पावसाळ्यात व त्यानंतरच्या काळात कड्याच्या काठावर उभे असता, सूर्य पाठीशी व ढग समोर खाली असे घडून आल्यास, ढगावर निरीक्षकाच्या सावलीभोवती रंगीत वलये दिसतात. या प्रकाशीय आविष्कारास ‘इंद्रवज्र’ असे म्हणतात. धुक्यातील अतिसूक्ष्म जलबिंदूंमुळे प्रकाशाचे विवर्तन होऊन ही वलये निर्माण होतात.

पर्जन्य व नद्या : नैर्ऋत्य मोसमी वारे या घाटमाथ्यावर थेट आदळत असल्याने घाटघर व रतनवाडी या भागांत वर्षाकाठी ५०० सेंमी. च्या आसपास पाऊस पडतो. येथून पूर्वेस जावे तसतसे हे प्रमाण झपाट्याने घटत जाते. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा नदी सु. २०० किमी. वाहत जाऊन नेवासे तालुक्यात प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. हरिश्चंद्रगडाच्या परिसरात मुळा नदीचा उगम असून गडावरील मंगळगंगा हा तिचाच एक ओढा होय. प्रवरेवर भंडारदरा येथे १९२६ मध्ये पूर्ण झालेले विल्सन धरण असून त्याच्या जलाशयाची क्षमता सु. ११ अब्ज घनफूट आहे. त्याच नदीवर खाली निळवंडे धरण, तर मुळेवर राहुरी तालुक्यात मुळा धरण आहे. जिल्ह्याच्या उत्तर व मध्य भागांतील ऊस, फळबागा व अनेक गावांचा पाणीपुरवठा या जलाशयांवर अवलंबून आहे. घाटमाथ्यावरील जंगल पावसाचा मारा झेलते, माती धरून ठेवते व पाणी सावकाश सोडते. ते विरळ झाल्यास गाळ धरणांत उतरतो. म्हणून या वनाचे रक्षण हा केवळ वन्य प्राण्यांचा प्रश्न राहत नाही. त्याच्याशी शंभर-दीडशे किमी. खालच्या शेतकऱ्याचाही संबंध पोहोचतो.

रांगेचे पूर्व टोक : हरिश्चंद्रगडापासून आग्नेयीकडे निघणारी हरिश्चंद्र–बालाघाट रांग गोदावरी व भीमा या नद्यांची खोरी वेगळी करीत जिल्ह्यातून जाते. तिच्या बालाघाट भागातील गर्भगिरीचे डोंगर पाथर्डी तालुक्यात तिसगावच्या आसमंतात आढळतात. तिसगाव हे अहिल्यानगर–पाथर्डी मार्गावर जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणापासून सु. ४० किमी. वर वसले आहे. येथील प्रदेश पर्जन्यछायेचा आहे. एकाच जिल्ह्यात, एकाच पर्वतरांगेच्या दोन टोकांस, पावसाचे प्रमाण कित्येक पटींनी भिन्न आहे. पश्चिमेस सदाहरित व निमसदाहरित वृक्ष, तर गर्भगिरीवर काटेरी झुडुपे, गवत व शुष्क पानझडी वनाचे अवशेष आढळतात. पावित्र्याची भावना मात्र दोन्हीकडे सारखीच आहे. तिसगावच्या परिसरात घाटशिरस येथील वृद्धेश्वर, मढी येथील कानिफनाथ व बीड जिल्ह्याच्या हद्दीतील सावरगावनजीकचे मायंबा (मच्छिंद्रनाथ) ही नाथ संप्रदायाची स्थाने आहेत. मालू कवीच्या नवनाथ भक्तिसार (१८१९) या ग्रंथात गर्भगिरीस महत्त्वाचे स्थान आहे. मढीची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते व तेथील गाढवांचा बाजार सर्वत्र प्रसिद्ध आहे. वृद्धेश्वरास श्रावणात व महाशिवरात्रीस भाविकांची गर्दी होते. डोंगर, झरा व देवस्थान यांची सांगड या रांगेत पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत आढळते. पावसाची विपुलता हे तिचे कारण नसून, पाणी जेथे उगम पावते ते स्थान पूज्य मानण्याची वृत्ती हेच होय.

वनश्री : अभयारण्यातील वने मुख्यतः निमसदाहरित व आर्द्र पानझडी प्रकारची आहेत. माथ्यावरील अधिक पावसाच्या पट्ट्यात जांभूळ, हिरडा व अंजनी यांचे प्राबल्य असून बेहडा, कुंभा, आवळा, सादडा, लोखंडी, पारजांभूळ, धायटी, करवंद इ. वनस्पतीही आढळतात. वाऱ्याच्या माऱ्यामुळे माथ्यावरील वृक्ष खुरटलेले असतात. उतारांवर कारवीचे दाट रान माजते. तिच्यातील एक प्रमुख जाती सात वर्षांतून एकदा सामुदायिक रीत्या फुलते व बी धरून मरून जाते. त्या वर्षी डोंगरउतार जांभळ्या रंगाने भरून जातात व मधमाश्यांना मोठे खाद्य मिळते. कारवीच्या काठ्यांचे कूड घालून घरांच्या भिंती करण्याची जुनी पद्धत या भागात आहे. पावसाळ्याच्या अखेरीस सपाट कातळांवर तेरडा, सोनकी इ. वनस्पतींचे फुलोरे येतात. यांतील पुष्कळ वनस्पतींचे जीवनचक्र काही आठवड्यांतच पूर्ण होते. त्यामुळे नेमक्या त्या काळात तुडवल्या गेल्यास त्यांची पुढील वर्षाची बीजनिर्मिती खुंटते.

प्राणिजीवन : बिबट्या हा येथील प्रमुख मांसाहारी प्राणी होय. त्याखेरीज तरस, कोल्हा, रानमांजर, उदमांजर, मुंगूस, रानडुक्कर, भेकर, सांबर, ससा इ. प्राणी आढळतात. शेकरू या मोठ्या खारीस महाराष्ट्राच्या राज्यप्राण्याचा दर्जा आहे. ती सलग फांद्या असलेल्या उंच वृक्षांवर वावरते व जमिनीवर क्वचितच उतरते. म्हणून तिचे अस्तित्व हे अखंड वनाचे लक्षण मानतात. कडेकपारींत गरुड, ससाणे व गिधाडे यांना आश्रय मिळतो. सरीसृपांत चापड्यासारखे साप व अनेक प्रकारचे सरडे, तसेच पावसाळ्यात बेडकांच्या विविध जाती दिसून येतात. मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत भंडारदरा परिसरातील सादडा, हिरडा, जांभूळ, उंबर इ. वृक्षांवर काजव्यांचे थवे एकाच लयीत चमकताना दिसतात. हा प्रकाश नर व मादी यांच्यातील संकेत असतो. विजेऱ्या व मोटारींचे दिवे यांमुळे हे संकेत पुसले जातात आणि ओलसर पाल्यातील अंडी व अळ्या पायांखाली चिरडल्या जातात. काजवे पाहण्यास येणारी गर्दी हीच त्यांच्या ऱ्हासाचे कारण ठरू शकते.

कळसूबाई देवस्थान : शिखराच्या अरुंद माथ्यावर कळसूबाईचे लहानसे मंदिर आहे. स्थानिक कथेनुसार कळसू ही एक कोळी मुलगी होती. भांडी घासणे व झाडलोट ही कामे करणार नाही, या अटीवर ती एका पाटलाच्या घरी कामास राहिली. एके दिवशी अट मोडून तिला ती कामे सांगण्यात आली. तिने ती केली व ती निघून डोंगरावर जाऊन राहिली. जेथे तिने थाळे घासले ती जागा ‘थाळेमेळ’ या नावाने दाखविली जाते. दिलेला शब्द मोडणाऱ्याच्या घरी न थांबता पर्वताचा आश्रय घेणारी मुलगी हीच पर्वताची देवी झाली, हे या कथेचे वैशिष्ट्य होय. परिसरातील कोळी व इतर लोक तिला कुलदेवता मानतात. नवरात्रात येथे मोठी यात्रा भरते व त्या वेळी वृद्ध स्त्रीपुरुषही शिखर चढून जातात. पायथ्याच्या बारी गावातून वाट असून उभ्या कड्यांच्या ठिकाणी लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. चढास सामान्यतः तीन ते चार तास लागतात.

हरिश्चंद्रगड : हे स्थान राजा हरिश्चंद्राच्या नावाशी जोडलेले असून गडावरील दोन शिखरे तारामती व रोहिदास या त्याच्या पत्नी-पुत्रांच्या नावांनी ओळखली जातात. तारामती हे त्यांतील सर्वोच्च होय. गडावर सखल भागात हरिश्चंद्रेश्वराचे दगडी शिवमंदिर असून त्याच्या भोवती कोरीव गुहा, पाण्याची टाकी व सप्ततीर्थ ही पुष्करणी आहे. मंदिराजवळील केदारेश्वराच्या गुहेत थंड पाण्याच्या मध्यभागी भव्य शिवलिंग आहे. त्याभोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत उरला असून या खांबांचा चार युगांशी संबंध जोडण्याची लोकसमजूत आहे. मंदिर परिसरातील शिलालेखांमुळे चांगदेव या योगी पुरुषाचा गडाशी असलेला संबंध दृढ झाला असून तत्त्वसार हा ग्रंथ त्यांनी येथेच रचला, असे मानतात. महाशिवरात्रीस गडावर यात्रा भरते. पुढे लष्करी दृष्ट्याही गडास महत्त्व आले. १७४७-४८ च्या सुमारास तो मोगलांकडून मराठ्यांकडे आला व १८१८ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यात गेला. पाचनई (ता. अकोले) येथून येणारी वाट सर्वांत सुगम असून तीस दोन ते तीन तास पुरतात. खिरेश्वर (ता. जुन्नर) येथून टोलार खिंडीमार्गे येणारी वाट अधिक लांब आहे. कोकणातून कड्यालगतच्या नळीतून येणारी वाट केवळ सराईत गिर्यारोहकांसाठीच योग्य आहे.

रतनवाडी : रतनगडाच्या पायथ्याशी अमृतेश्वराचे शिल्पसमृद्ध शिवमंदिर व एक रेखीव पुष्करणी आहे. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवालये बांधली व त्यांपैकी हे एक, अशी परंपरा सांगितली जाते. परंपरेचा ऐतिहासिक भाग बाजूस ठेवला, तरी प्रवरेच्या उगमाजवळ मंदिर असणे ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

लोकजीवन : महादेव कोळी व ठाकर या येथील प्रमुख आदिवासी जमाती होत. भात, नागली व वरई ही त्यांची मुख्य पिके. डोंगरी किल्ल्यांची राखण व घाटवाटांवरील चौकीपहारे ही कामे पूर्वी कोळी नाईकांकडे असत. ब्रिटिश अमलात ही व्यवस्था मोडल्यावर झालेल्या उठावांतील रघोजी भांगरे हे याच तालुक्यातील देवगावचे. त्यांना २ मे १८४८ रोजी ठाणे येथे फाशी देण्यात आले. शेतीच्या जोडीस हिरड्याची कोवळी फळे (बाळहिरडा) गोळा करून विकणे हे उत्पन्नाचे एक महत्त्वाचे साधन आहे. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतून मृत वा पडलेली झाडे, गवत इ. काढून नेण्यास मनाई केली. त्यानंतर २००६ च्या वनहक्क अधिनियमाने वननिवासींचे कसण्याचे व गौण वनोपजाचे हक्क, अभयारण्यांसह, मान्य करण्याची तरतूद केली. या दोन टोकांमध्ये स्थानिकांचे दैनंदिन जीवन चालते. जे डोंगराचे उत्पन्न पिढ्यान्‌पिढ्या घेत आले, त्यांच्यावर निर्बंध अधिक व सुटीच्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यावर कमी, अशी भावना त्यांच्यात निर्माण झाल्यास ती निराधार म्हणता येत नाही. संरक्षणास स्थानिकांचे सहकार्य मिळावयाचे, तर हा तोल सांभाळणे अपरिहार्य आहे.

श्रद्धा व संरक्षण : देवाच्या नावाने राखलेल्या वनास देवराई म्हणतात. तेथील झाडावर कुऱ्हाड चालवू नये, वाळलेली फांदीही घरी नेऊ नये, असा दंडक असे. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचे अभ्यास प्रसिद्ध केले, तेव्हा अन्यत्र नाहीशा झालेल्या काही वनस्पती तेथे टिकून असल्याचे दिसून आले. अकोल्याच्या आदिवासी भागात आश्विन वद्य द्वादशीस ‘वाघबारस’ पाळली जाते. गुरांचे रक्षण व्हावे म्हणून त्या दिवशी वाघदेवाची पूजा करतात. ज्या प्राण्यापासून भय, त्याचीच पूजा करून त्याला त्याचा वाटा मान्य करणे, हा या विधीचा आशय होय.

तथापि श्रद्धेने केलेल्या संरक्षणाचा सर्वांत मोठा भाग सहसा लक्षात येत नाही. तो काळाचा आहे. यात्रेस तिथी असते. नवरात्राचे नऊ दिवस व महाशिवरात्र यांसारखे दिवस सोडल्यास वर्षाचा बहुतेक काळ शिखरे निवांत राहत. पायवाटांवर गवत उगवे, पाणवठे निवळत, प्राणी परत येत. पर्यटनास मात्र तिथी नसते. पावसाळ्यातील प्रत्येक शनिवार-रविवारी, माती सर्वाधिक मऊ असताना व वनस्पती बी धरीत असताना, शेकडो पावले एकाच वाटेने जातात. वाट चिखलाची झाली की लोक बाजूने चालू लागतात व वाट रुंदावत जाऊन उतार धुपतो. अभयारण्याचा कायदा प्रामुख्याने स्थळाची मर्यादा घालतो. काळाची मर्यादा परंपरेने घातलेली होती आणि नेमकी तीच सैल झाली आहे.

पर्वताचे दर्शन : या प्रदेशात येण्यास रेल्वेने इगतपुरी वा कसारा येथे उतरून घोटीमार्गे बारी व भंडारदऱ्यास जाता येते. जिल्ह्याच्या पूर्व भागातून, उदा., तिसगावहून निघाल्यास करंजी घाटातून अहिल्यानगर, संगमनेर, अकोले व राजूर असा मार्ग आहे. या एका प्रवासात पर्जन्यछायेच्या माळरानापासून घाटमाथ्याच्या वनापर्यंतचे सर्व स्थित्यंतर पाहावयास मिळते. हवामान व सृष्टिसौंदर्य यांच्या दृष्टीने ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल होय. पावसाळ्यात कातळ निसरडे होतात, ओढ्यांना अचानक पूर येतो व धुक्यामुळे कड्याचा काठ दिसत नाही. सांदण दरीत त्या काळात उतरणे प्राणघातक ठरू शकते. कोकणकड्याच्या काठाशी वाऱ्याचे झोत अनपेक्षितपणे येत असल्याने तेथे उभे राहण्याऐवजी आडवे होऊन खाली पाहण्याची गिर्यारोहकांची रीत आहे. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते व गवतास आग लागण्याचा धोका मोठा असतो.

अभयारण्यात प्रवेश करताना वनविभागाच्या नाक्यावर नोंद करणे व शुल्क भरणे आवश्यक असते. वन्य प्राण्यांस त्रास देणे व अभयारण्यात केरकचरा टाकणे यांस अधिनियमान्वये मनाई आहे. याखेरीज उघड्यावर जाळ न करणे, ध्वनिवर्धक न लावणे, टाक्यांतील व पुष्करणीतील पाणी न विटाळणे, आखलेली वाट न सोडणे व स्थानिक वाटाड्या बरोबर घेणे या गोष्टी पाळावयाच्या असतात. यांतील बहुतेक नियम यात्रेकरू पूर्वीपासून निराळ्या नावाने पाळीत आले आहेत. देवाच्या पाण्यात पाय घालू नये, हा संकेत व जलस्रोत दूषित करू नये, हा नियम यांच्यात आशयाचा भेद नाही.

तौलनिक विचार : पवित्र पर्वत व संरक्षित प्रदेश यांचा संयोग जगात अन्यत्रही आढळतो. न्यूझीलंडमधील टोंगारिरोची शिखरे माओरी प्रमुखाने १८८७ मध्ये शासनाच्या स्वाधीन केली व त्यांभोवती राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. १९९३ मध्ये सांस्कृतिक भूदृश्य म्हणून जागतिक वारसा यादीत मान्यता मिळालेले ते पहिले स्थळ होय. सिक्कीममधील कांचनजुंगा राष्ट्रीय उद्यान २०१६ मध्ये निसर्ग व संस्कृती या दोन्ही निकषांवर त्या यादीत समाविष्ट झाले. १९५५ मध्ये कांचनजुंगावर प्रथम चढलेल्या ब्रिटिश गिर्यारोहकांनी सिक्कीमच्या लोकांच्या भावनांना मान देऊन माथ्याच्या काही पावले अलीकडेच थांबणे पसंत केले. ऑस्ट्रेलियातील उलुरू या खडकावर चढण्यास २०१९ पासून बंदी आहे. या ठिकाणी पावित्र्य न चढण्यात आहे. कळसूबाई व हरिश्चंद्रगड यांचे वेगळेपण असे, की येथे पावित्र्य चढून जाण्यातच आहे. देवी माथ्यावर आहे व तिचे दर्शन चालत जाऊनच घ्यावयाचे, अशी रीत आहे. म्हणून सरसकट बंदी हा उपाय येथे लागू पडत नाही. तसे केल्यास ज्या श्रद्धेने पर्वत राखला तिचाच धागा तुटेल. संख्या, काळ व वाट यांचे नियमन हाच येथील संरक्षणाचा स्वाभाविक मार्ग ठरतो.

पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा क्षेत्रात २०१२ मध्ये महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी या चार स्थळांचा समावेश झाला. कळसूबाई–हरिश्चंद्रगड त्यांत नाही. तथापि त्याचे मोल कोणत्याही यादीवर अवलंबून नाही. जिल्ह्याच्या दोन प्रमुख नद्या ज्या डोंगरांतून निघतात, ज्यांच्या वनात शेकरू टिकून आहे व ज्यांच्या माथ्यावर आजही नवरात्रात शेतकरी स्त्रिया ओटी घेऊन चढतात, ते डोंगर राखण्यासाठी मनुष्यास काही दिवस तेथे न जाण्याचाही नेम करावा लागेल. पूर्वी हा नेम पंचांग सांगत असे. यापुढे तो वनविभाग, ग्रामसभा व पर्यटक यांनी मिळून ठरवावयाचा आहे.